खंडेनवमीची रायफल

ट्रॉय, १० ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
नरेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानातल्या मशीनवर माझा विश्वास नाही आणि फोनवर तुझा नाही, म्हणून नेहमीप्रमाणे पत्र. बातमीही तशी कागदावरच शोभणारी आहे. १ ऑक्टोबरला मी शिकारीला निघतो आहे. आफ्रिकेत, नामिबियाला. गाड्यांचे ब्रेक्स बनवणाऱ्या आमच्या कंपनीतले माझे तीन जुने सहकारी आणि मी. सगळी व्यवस्था देवांगकडे आहे. तोच देवांग, ज्याला मी नोकरीत घेतलं आणि जो मी निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला नुसतं नावाने हाक मारतो.

झालं असं, की जूनमध्ये जुन्या मंडळींचं जेवण होतं. हरणांच्या शिकारीच्या गप्पा निघाल्या. मी फोनवर दिगंबर आजोबांचा फोटो दाखवला. पायाखाली वाघ आणि हातात बंदूक, तुझ्या हॉलमध्ये लावलेला तोच. सगळं टेबल गप्प झालं. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत माझं बोलणं ऐकायला टेबल गप्प झाल्याचं मला आठवत नाही. मग देवांगने विचारलं, आजोबांचं रक्त नातवात उतरलंय का. पुढचं ओघाने आलं.

रायफल घेतली आहे. परत येताना आपलीच रायफल आपण परदेशातून विकत आणली असं कुणी म्हणू नये, म्हणून जाण्याआधी ती कस्टम्सच्या ऑफिसात नेऊन दाखवायची आणि शिक्का घ्यायचा असतो. तेही केलं. सामानाची यादी एक्सेलमध्ये केली असून तिच्यात एकशे चौदा ओळी आहेत. वसुधा फारसं सहकार्य करत नाही, पण तिच्या माहेरी शिकारीची परंपरा नाही.

तुझा आशीर्वाद असावा, तो पोस्टाने आला तरी चालेल.

तुझा,
नरेंद्र

*

ट्रॉय, १४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. वन्संस,
वसुधाचा शि. सा. न. वि. वि.

यांचं पत्र तुम्हाला मिळालं असेलच. ते टाकायला मीच पोस्टात गेले होते. त्यांनी काय लिहिलंय ते मी विचारलं नाही, पण पाकीट चिकटवताना ते मिशीतल्या मिशीत हसत होते, त्यावरून अंदाज आला.

आमच्या घरी सध्या आफ्रिका उतरली आहे. बेसमेंटमध्ये व्यायामाच्या सायकलीवर माझे कपडे वाळत असतात, त्यांच्या आडोशाला उभं राहून हे रिकाम्या रायफलीने वॉटर हीटरवर नेम धरतात. खाकी शर्ट सहा घेतलेत. ते नवे दिसू नयेत म्हणून तीन वेळा धुवायला लावले. विमानात गोळ्या वेगळ्या डब्यात आणि पाच किलोच्या आत लागतात म्हणे, तर त्यांचं वजन माझ्या बेसनाच्या काट्यावर झालं. मी काटा घासून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळ्या. यादीत 'मेतकूट' एक्केचाळिसाव्या ओळीत आहे आणि 'चाकू, कातडी सोलण्याचा' बेचाळिसाव्या. हाच माणूस गॅरेजमध्ये उंदीर सापडला तर त्याला पिंजऱ्यात घालून गाडीने नदीकाठच्या पार्कमध्ये सोडून येतो, आणि वाटेत खायला बिस्कीट देतो. नात हिमानीने परवा इंग्रजीत विचारलं, त्या प्राण्याने आजोबांचं काय केलंय. हे म्हणाले, मोठी झालीस की कळेल. मी साठी ओलांडली, मला अजून कळलेलं नाही.

इथपर्यंत थट्टा झाली. आता खरं सांगते, आणि ते तुमच्या-माझ्यातच राहू द्या. यांच्या उजव्या डोळ्याची मधली नजर गेली आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. मार्चमध्ये ॲन आर्बरच्या डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं, मी शेजारीच बसले होते. डावाही तितकासा धड नाही. गाडीत बसल्यावर यांनी मला एकच वाक्य सांगितलं, "हे कुणाला कळता कामा नये." तेव्हापासून अंधार पडला की गाडी मी चालवते आणि लोकांना सांगते, मला आवड आहे. गेल्या हिवाळ्यात आमची दारातली पत्रपेटी उडवली ती, हे सगळ्यांना सांगतात तशी बर्फ काढणाऱ्या गाडीने नव्हे, यांनीच आमच्या गाडीने.

मागच्या शनिवारी देवांग यांना नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. हे परत आले ते ताठ मानेने. देवांगने मला स्वयंपाकघरात गाठून हसत हसत सांगितलं की यांच्या दहापैकी चार गोळ्या शेजारच्या माणसाच्या निशाणाच्या कागदावर लागल्या, आणि तो भला माणूस आपलाच नेम बसला म्हणून खूश होता. देवांगला ते विनोदी वाटलं. तिकडे प्राण्यांचा माग काढणारी माणसं बंदुकीच्या पुढे चालतात, असं मी वाचलंय. वन्सं, यांच्या हातून माणूस मेला तर मी काय करू?

मी नको म्हटलं तर हट्टाला पेटतील. सगळ्यांसमोर डोळ्याचं सांगितलं तर माझ्याशी जन्मात बोलणार नाहीत, आणि मला ते चालणार नाही. तुम्ही मोठ्या आहात, काहीतरी करा.

तुमची माया आहेच, या वेळी थोडी युक्तीही पाठवा.

तुमची,
वसुधा

*

आयसेलिन, २४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वसुधास,
नीलांबरीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा चहा गार झाला तरी लक्षात आलं नाही. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी राहिले. डोळ्यांचे थेंब न्यायला येणारे पुरुष दबक्या आवाजात बोलायचे, जणू काही चोरीचा माल नेताहेत. आपला नरू त्यांच्यातलाच.

आधी त्या वाघाबद्दल सांगते, म्हणजे तूही जरा हसशील. आमचे दिगंबर आजोबा वन खात्यात कारकून होते. साहेब लोकांच्या शिकारीचे परवाने ते सुवाच्य अक्षरात लिहीत, त्यापलीकडे त्यांनी ढेकूण सोडून काही मारलं नाही. अमरावतीच्या एका फोटोवाल्याने पेंढा भरलेला वाघ ठेवला होता. आमच्या शेजारच्या मोहनकाकांच्या घरीही त्यांचा तसाच फोटो होता, पायाखाली तोच वाघ, डाव्या कानाचा तोच तुकडा गेलेला. निम्म्या पेठेने तो एकच वाघ मारलाय. मी नरूला हे कधी सांगितलं नाही, आणि आता तर मुळीच सांगणार नाही. डोळा गेलेल्या माणसाचा आजोबाही काढून घ्यायचा, हे मला जमणार नाही.

पण युक्ती आहे. १ ऑक्टोबरला खंडेनवमी आहे. त्याच दिवशी त्याचं विमान. मी त्याला वेगळं पत्र टाकते की रायफलीची रीतसर पूजा झाल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. त्याला ते फार आवडेल. मग सकाळी रायफल पाटावर मांडून फूल वाहिलं, की झालं. पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नसतं. आमच्या आईकडे हा नियम फार कडक होता, त्या दिवशी विळीसुद्धा उचलू द्यायची नाही, आदल्या दिवशी चिरलेली भाजी करायची. नरू हे पार विसरलेला असणार, त्याला स्वतःच्या लग्नाची तारीख सांगावी लागते. तू आठवण करून द्यायची, पण फूल वाहून झाल्यावर. आईचं नाव घे. बायकोचं तो ऐकणार नाही, मेलेल्या आईचं ऐकेल.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. नवऱ्याला फसवण्याची ही पहिली वेळ असेल तर तू फारच उशीर केलास.

माया आहेच, युक्ती सोबत पाठवली आहे.

नीलांबरी

*

ट्रॉय, ७ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
नरेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खंडेनवमीला रायफलीची पूजा करण्याची तुझी आज्ञा मी दोनदा वाचली. घरात एवढ्या वर्षांत पूजेला लॅपटॉप, ड्रिल मशीन आणि गाडीची किल्ली यांच्यापुढे काही मांडलं गेलं नाही. खरं शस्त्र पहिल्यांदाच. तू म्हणतेस तसंच होईल. सकाळी दहाला पूजा, एकला देवांग न्यायला येईल, असं एक्सेलमध्ये टाकलं आहे.

वसुधाही अचानक उत्साहात आहे. झेंडूच्या रोपांना रोज पाणी घालते. मला वाटतं, तिलाही आता परंपरेचं महत्त्व पटलं असावं.

रायफलीच्या पेटीला दोन कुलपं लागतात आणि त्यांच्या किल्ल्या फक्त मालकाकडेच असाव्यात असा विमानाचा नियम आहे. वसुधाने त्या देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवल्या होत्या. मी मागून घेतल्या. या घरात माझ्या ताब्यात असलेल्या या पहिल्याच किल्ल्या.

तुझा लोभ पत्रागणिक मिळतो, खंड पडू देऊ नकोस.

तुझा,
नरेंद्र

*

ट्रॉय, २ ऑक्टोबर २०२५, दसरा

ती. स्व. वन्संस,
वसुधाचा शि. सा. न. वि. वि.

काल जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी हे सोवळं नेसून बसले. वर खाकी शर्ट, कारण नंतर बदलायला वेळ नाही. पाटावर लाल वस्त्र घातलं, त्यावर रायफल आडवी. तिला हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचा हार. नळीवर कुंकू लागू नये म्हणून यांनी आधी टिश्यू पेपर लावला होता, तो ऐन वेळी स्वतःच काढला. आरती म्हणताना यांनी डोळे मिटून घेतले. मला फार अपराधी वाटलं, पण तुमचं पत्र कमरेला खोचलेलं होतं.

एकला देवांग दारात आला. हे पेटी उघडून पाटाकडे वळले आणि मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, अहो, पूजेत मांडलेलं हत्यार, आणि उत्तरपूजा तर उद्या. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या. माझा आवाज नाटकात काम करणारीसारखा निघाला. मला वाटलं, आता महाभारत. एरवी हे घरातल्या हीटरचं तापमान एका अंशाने वाढवण्यावरून पाऊण तास वाद घालतात. काल नुसतं रायफलीकडे एकवार पाहिलं. मग रिकामी पेटी मिटवली, तिला कुलूप लावलं, किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि देवांगला इंग्रजीत सांगितलं की शस्त्र विश्रांती घेतंय, आमच्यात ते उठवत नाहीत. देवांग बूट काढून आत आला, रायफलीला नमस्कार केला आणि तिचा व्हिडिओ घेतला.

आणि हे निघाले. रायफलीशिवाय, बॅगा घेऊन. मला वाटलं होतं, रायफल राहिली की मोहीम राहिली. दारात देवांग मला धीर द्यायला म्हणाला की काळजी करू नका, तिकडे लॉजवर भाड्याने रायफल मिळते. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. आज सकाळी मीच अक्षता टाकून उत्तरपूजा केली आणि रायफल तिजोरीत ठेवली. एवढं करून आपण काय मिळवलं, वन्सं? डोळा यांच्याबरोबरच गेलाय.

या खेपेला थट्टा सुचत नाही. तुमची आठवण मात्र सारखी येते.

तुमची,
वसुधा

*

ट्रॉय, १४ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
नरेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

काल सुखरूप परत आलो. कुणालाही, कशालाही इजा झालेली नाही. हे आधी लिहितो, कारण तुझं लक्ष तेवढ्यावरच असणार.

तू मला विसरभोळा समजतेस. मी चौथीत असताना खंडेनवमीला पूजेत ठेवलेला भोवरा उचलला होता. तू आईला जाऊन सांगितलंस, आणि आईने मला दिवसभर घराबाहेर पडू दिलं नाही. ती तुझी चुगली मी अठ्ठावन्न वर्षं विसरलेलो नाही. पूजा करण्याबद्दलचं तुझं पत्र आलं तेव्हा दुसऱ्याच ओळीला मला तो भोवरा आठवला. आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. जूनपासून मी त्या टेबलावरून उठण्याची वाट शोधत होतो. तोंडाने हो म्हणून बसलो होतो, नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. जायचं तर कबूल केलेलं होतं, पण रायफल पाटावर अडकली की गोळी झाडायला नको, म्हणून पूजेची वेळ मीच देवांग येण्याआधीची, दहाची ठरवली.

ताई, मला नीट दिसत नाही. वसुधाने तुला सांगितलं असेलच, तरी मी माझ्या हाताने लिहितो.

तिसऱ्या दिवशी लॉजवाल्याने माझ्या हातात त्याची रायफल दिलीच. समोर पाणवठ्यावर एक ओरिक्स आला होता. लांब सरळ शिंगांचा, फार देखणा प्राणी आहे. सगळे माझ्याकडे बघत होते. मी रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. शिंगं दिसली, पाय दिसले, मध्ये जिथे प्राणी असायला हवा तिथे काहीच नाही. तेवढ्यात गवतातून कुणीतरी खोकलं. माग काढणारा योहानेस तिथेच बसला होता, ओरिक्सच्या अलीकडे, माझ्या सरळ रेषेत. मला तो दिसला नव्हता. मी रायफल खाली ठेवली. मंडळींना सांगितलं की माझं शस्त्र पूजेत आहे, दुसऱ्याचं मला चालत नाही. तिघांनी टोप्या काढल्या. धर्माचं नाव घेतलं की माणसं किती सोयीस्कर गप्प बसतात. डोळ्याचं नाव घेतलं असतं तर व्हीलचेअर मागवली असती.

राहिलेले दिवस मी डाव्या डोळ्याने पक्षी पाहिले आणि मेतकूट-भात खाल्ला. योहानेसला मेतकूट आवडलं, डबा त्याला देऊन आलो. त्याला मुलं किती हेही विचारलं. चार आहेत. ते ऐकल्यावर मला झोप लागली नाही.

वसुधाला यातलं काही सांगू नकोस. शस्त्र पूजेत म्हणून मी तिकडे गोळी झाडली नाही एवढंच तिला ठाऊक आहे, आणि आपली युक्ती लागू पडली या आनंदात ती कालपासून मला पुरणपोळी करून घालते आहे. डोळ्याचं मात्र मी रविवारी देवांगला स्वतः सांगणार आहे, आणि रायफल त्यालाच देऊन टाकणार आहे.

सोबत फोटो पाठवतो आहे. लॉजच्या हॉलमध्ये एक ओरिक्स ठेवलेला आहे, पेंढा भरलेला, पोटाला शिवण स्पष्ट दिसते. त्याच्या पाठीवर पाय ठेवून मी उभा आहे, हातात लॉजवाल्याची रिकामी रायफल. योहानेसने काढला. तो इतका हसत होता की पहिले दोन फोटो हलले. तुझ्या हॉलमध्ये आजोबांच्या शेजारी लाव. त्यांच्या वाघाच्या पोटालाही अशीच शिवण आहे. मी सात वर्षांचा असताना ती पाहिली होती, पण तुझा आजोबांवर फार जीव, म्हणून तुला कधी बोललो नाही.

तुझा,
नरू