कोनाड्यातली वाटी

ती. तानाआत्या यास समताचा सविनय जयभीम.

तुह्ये गुडघे कसे आहेत? बीपीची गोळी घेऊन राह्यली का, का तीबी माह्यावरच्या रागात बंद केली? मी मजेत आहे. (मजेत म्हणजे कशी, ते खाली येईनच.) परवापासून फोन लावून राह्यली, तू उचलतच नाही. म्हणून हे पत्र लिहून उद्या माह्या शाळेतल्या दीपकच्या हाती डोणगावले धाडते. आधी वाच, मंग फाडाचं तर फाड.

माय गेल्यावर तूच मले वाढवलं, अन् मी घर घेतलं तर तूच रुसून बसली. "एकट्या पोरीनं घर घेतलं, आता तुह्या घरचं पाणीबी पिणार नाही," म्हणून तरातरा बसस्टँडवर गेली. घर तरी पाह्याचं होतं! मेहकरच्या जुन्या वस्तीत, चढाच्या बोळीत, जुन्या मास्तर लोकांनी सोसायटी करून बांधलेली इमारत आहे. एकच बेडरूम, पण मिस्त्रीनं अशी नवीकोरी करून देली का फरशीत आपलंच तोंड पाहून दचकाले होते. (सुरुवातीले मी त्यानंच दचकत होती. ते दिवस बरे होते.)

आता स्वयंपाकघराचं ऐक. माह्यी अन् शेजारच्या रुक्मिणीबाईची भिंत एक. पहिल्या लोकायनं त्या भिंतीत वाटीपुरती खिडकी ठेवली होती, भाजी इकडून तिकडे द्याले. रुक्मिणीबाई वारली, तिच्या घराले कुलूप लागलं, अन् माह्या मिस्त्रीनं ती खिडकी इकडूनच हात घालून तिकडच्या तोंडाशी विटांनी बुजवली. इकडून नुसता कोनाडा राह्यला. त्या कोनाड्यात एक दिवस, शाळेतून येऊन पाह्यते तर, स्टीलची वाटी. आत आंबाडीची भाजी, अन् वाफ निघून राह्यली!

मले वाटलं वरची मयुरी ठेवून गेली असन. (तिच्याजवळ माह्यी चाबी होती.) भाजी खाल्ली. मंग तुह्यी शिकवण आठवली, का शेजारची वाटी रिकामी परत देऊ नये. म्हणून माह्यी खिचडी भरून वाटी तिथंच ठेवली, बाजूले पाण्याचा गिलासबी ठेवला. चुकली ती इथंच, आत्या! रिकामी ठेवली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. भरली, म्हणजे घरोबा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी खिचडी जशीच्या तशी, अन् वर चिमूटभर मीठ. मेली तरी रुक्मिणीबाईची नावं ठेवाची खोड गेली नाही! पाण्याले तं तिनं कधी बोटबी लावलं नाही. मयुरीले विचारलं तर ती माहेरी, अमडापूरले. कुलूप बदललं. तरी वाटी येतच राह्यली.

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्तीकाका, त्याईच्याकडे गेली. मले वाटलं दचकतीन. ते शांतपणे म्हणाले, बाईचं सभासदत्व अजून कोणाच्या नावावर झालं नाही, म्हणून नियमानं काही करता येत नाही. वरून विचारतात, भाजीत तेल जास्त असते का हो?

आता हे सांगू कोणाले? मी विज्ञानाची मास्तरीण. लिंबातून लाल पाणी अन् नारळातून आग काढून, भूत-बित काही नसते म्हणून पोरायले शिकवणारी. भुताले आपण मानत नाही, पण आत्या, मले भेव लागते. खरंच लागते. भर दुपारी लागते. अन् घर सोडलं तर तू म्हणशीन, "म्हटलं नव्हतं?" म्हणून सोडतबी नाही.

तुह्यीच हट्टी पोरगी,
समता

ता. क. भेव-बिव विसर. खरं काम असं, का येताना तुह्या हातचा ठेचा घेऊन ये. लसूण काळा होईपर्यंत जाळते तू, तोच. रोज तुले शिव्या देऊ देऊ खायीन. (रुक्मिणीबाईलेबी एक वाटी देऊ, म्हणजे ती गप्प बसन.) रुसवा सोड अन् ये. तुह्याशिवाय हे घर घर वाटत नाही.

आणखी ता. क. पाकीट बंद कराले डिंक पाह्याले स्वयंपाकघरात गेली होती. कोनाड्यात वाटी आहे. वाटीत ठेचा आहे. लसूण काळा आहे. चाखला नाही मी, पण वास तर मले झोपेतबी ओळखू येईन.

अन् बाजूचा गिलास रिकामा आहे.

आत्या, तू माह्या घरचं पाणी पिणार नव्हती ना? पत्र पोचाची वाट मी नाही पाहत, दीपकले आताच गाडी काढाले लावते. आम्ही पोचाच्या आत फोन उचल. भांड, शिव्या दे, पण उचल.