डावऱ्याला दोन्ही करू द्यावे

मी, खाली सही करणारी, वय एकावन्न, धंदा सोफे आणि गाद्या शिवणे, ओळख सोफावाली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत पण डोके जागेवर आहे, आणि या कागदाला डोकेच लागते असे वकील म्हणाला. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. लावायला घरात कोणी नाहीच. शिक्षण चौथी. वकिलाने छापील नमुना दिला होता, त्यातले पहिले वाक्य पान उलटले तरी संपेना, म्हणून परत केला. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. मेल्यावर कोणी दुसरा काढून दाखवला तर तो खोटा समजावा.

कलम एक. दुकान, वरच्या दोन खोल्या, शिवणाची जड मशीन, कात्र्या, वाकड्या सुया आणि फोमचा शिल्लक माल उंच बाईला द्यावा. ती चौदा वर्षे माझ्याकडे कापड ताणते आणि एकदाही सुरकुती सोडलेली नाही. मोठी कात्री कागद कापायला कोणाला देऊ नये. माझा फोटो भिंतीला लावू नये, गिऱ्हाईक बिचकते.

कलम दोन. माझा सख्खा थोरला भाऊ, म्हणजे दादा, याला तीन जणांचा निळा सोफा द्यावा, दुसरे काही नाही. कारण लिहिते, म्हणजे विसरून राहिले असे कोणी म्हणणार नाही. तीन वर्षांपूर्वी त्याचे रक्त माझ्याशी जुळले. डॉक्टर म्हणाले, याहून चांगले जुळत नसते. तिसऱ्या दिवशी दादा घरी आला, त्या सोफ्यावर मधोमध बसला आणि म्हणाला, "हे बघ, मला दोन आहेत हे खरं. पण मला दोन्ही लागतात."

वहिनी म्हणाली, "आणि यांची पाठ पण धरते गं हल्ली."

सोफ्याच्या सगळ्या स्प्रिंगा मी नंतर बदलल्या. मधली तेवढी मुद्दाम जुनी ठेवली आहे.

कलम तीन. बँकेत जे असेल त्यातून डायलिसिस विभागातल्या अकराही खुर्च्यांची रेक्झिन आणि आतला फोम बदलावा. फोम कडक घ्यावा, मऊ फोम चार तासांत बसतो आणि मग माणूस लाकडावर बसतो. तपकिरी रंग नको. उंच बाईने स्वतः उभे राहून करून घ्यावे.

कलम चार. टॅब्लेट, काच एका कोपऱ्यात तडकलेली, आणि त्यातला खेळ. वकील म्हणाला, "बाई, खेळ कोणी मृत्युपत्रात लिहितं का?" मी म्हटले, तुम्ही शिक्का मारा.

मंगळवार, गुरुवार, शनिवार मी खुर्ची क्रमांक सातला बांधलेली असते. आठवर मास्तर असतात, निवृत्त, गणित शिकवायचे. दोघांचाही एक हात सुयांचा, एक रिकामा. पंधरा महिन्यांपूर्वी मी हा टॅब्लेट जुना घेतला, त्यात हा खेळ आधीपासून होता. बेसबॉलचा आहे, पण आपण खेळायचे नसते, संघ चालवायचा असतो. कोणाला घ्यायचे, कोणाला काय शिकवायचे, कोणाला बसवायचे, एवढे आपण सांगायचे. सामने तो आपले आपण उरकतो. सगळे इंग्रजीत. म्हणून मास्तरांनी वाचायचे आणि मी ठरवायचे. खरे मैदान दोघांनीही पाहिलेले नाही.

डावऱ्या आमच्याकडे आला तेव्हा अठराचा होता, खेळाडू निवडायच्या शेवटच्या फेरीत उरलेला, कोणालाच नको असलेला. डाव्या हाताने चेंडू फेकायचा. या खेळात फेकणारा फेकतो आणि मारणारा मारतो, दोन्ही करणारा हजारात एखादा. मास्तर त्याचे आकडे वाचत होते आणि मारण्याचा आकडा भरभर उरकून पुढे गेले.

"मागे या. तो पुन्हा वाचा."

"त्याचा उपयोग नाही, बाई. हा फेकणारा आहे."

"कोणी ठरवलं?"

"खेळानं."

"खेळाला काय कळतंय? माझा बापही म्हणाला होता, पोरीनं शिवावं, कापायचं दादा बघेल. दादानं कापलेली पहिली गादी अजून कोणाच्या पलंगात बसायचीय."

मास्तर इतके हसले की सुयांचा हात हलला आणि त्यांचे मशीन ओरडायला लागले.

कलम पाच. डावऱ्याला वाढवण्याची रीत. सरावाचे शंभर गुण मिळतात, ते पन्नास फेकण्याला आणि पन्नास मारण्याला द्यावे, कोणी कितीही शहाणपणा शिकवला तरी. फेकले की दुसऱ्या दिवशी बसवून ठेवावे. तिसऱ्या दिवसापासून मारायला उतरवावे. दमाचा आकडा साठाच्या खाली गेला तर काही करवू नये, नाही तर खांदा जातो. पाच हंगाम तो खालच्या संघात दोन्हीत नापास झाला. मास्तर रोज म्हणायचे, बाई, एक काहीतरी ठरवा. मी म्हणायचे, ठरवलंय. सहाव्या हंगामात एका शनिवारी त्याने सात डाव फेकून समोरच्यांना एकही धाव दिली नाही आणि त्याच सामन्यात चेंडू कुंपणाबाहेर घालवला. मास्तरांनी ते तीनदा वाचून दाखवले. चौथ्यांदा मीच वाचले. तेवढे इंग्रजी मला त्या दिवशी आले.

हंगाम सुरू होताना दर वेळी खेळातल्या सहायक प्रशिक्षकाची चिठ्ठी येते, याला एकच काम द्या. खाली एक चौकोन असतो. त्यात दोन्हीची खूण केली नाही तर सहायक त्याला नुसता फेकणारा करून टाकतो. मग मारायचा सराव बंद. खेळ मागे नेता येत नाही.

कलम सहा. (हे मंगळवारी लिहिले.) पाच महिन्यांपूर्वी मला जंतुसंसर्ग झाला. महिनाभर वरच्या मजल्यावर होते, त्यातले नऊ दिवस श्वाससुद्धा मशीनचा. टॅब्लेट मास्तरांकडे राहिला. परत आले तेव्हा एक हंगाम उलटला होता आणि डावऱ्याचा मारण्याचा आकडा एकसष्टवरून चौतीसवर आला होता. मास्तर म्हणाले, सहायकाने केले, चिठ्ठी नजरेतून सुटली. गणिताच्या माणसाच्या नजरेतून चौकोन सुटला! त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. काय ते मशीनवालीमार्फत. मशीनवाली म्हणजे आमची यंत्रे लावणारी, दोन मुलांची आई, आम्हा दोघांमुळे तिचे पाय दुखतात.

"त्यांना सांग, आज बसवायचा."

"सर, मावशी म्हणतात आज बसवायचा."

"त्यांना सांग, मला ऐकू आलं."

तरीही टॅब्लेट आणि डावऱ्या मास्तरांनाच द्यावा, कारण वाचता त्यांनाच येते आणि चूक कोणाचीही होते. मी असेपर्यंत त्यांना हे कळू देऊ नये. साक्षीला मशीनवाली सही करील.

कलम सात. (हे गुरुवारी लिहिले.) कलम सहा रद्द. खोडले नाही, खोडाखोड दिसली की दादा कोर्टात जाईल. आज काय झाले ते लिहिते.

मशीनवालीने मला जोडले आणि ती तिथेच घुटमळत राहिली. म्हणाली, "मावशी, तुम्ही कागद करताय ते सरांना कळलंय. त्यांना काहीतरी सांगायचंय."

"त्यांना सांग, माझं रक्त आत्ता बाहेर आहे. आत आलं की ऐकते."

ती आठकडे गेली. परत आली. "ते म्हणतात, चिठ्ठी नजरेतून सुटली नव्हती." मग तीच मागे वळली. "सर, हे तुमचं तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

मास्तर छताकडे बघत बोलले. "चौकोन मीच रिकामा ठेवला, बाई. डॉक्टर म्हणाले होते, त्या काही परत येत नाहीत. ठरवणाऱ्या तुम्ही होता. दोन्ही मला एकट्याला नसतं झेपलं. म्हटलं, अर्धा तरी सांभाळू."

"मी जिवंत होते, मास्तर."

"हो."

"आणि चार महिने त्या सहायकावर ढकललंत."

"हो."

मशीनचा पंप तेवढा फिरत होता.

दादाने नाही म्हटले ते निदान माझ्या सोफ्यावर, माझ्यासमोर बसून म्हटले. मास्तरांनी मी शुद्धीत नसताना मला वजा केले आणि उरले त्यात भागवले. वाईट बुद्धीने केले नाही, हे मला कळते. म्हणूनच जास्त लागते. डावऱ्या यांच्या हाती दिला तर मी गेले त्याच आठवड्यात ते परत अर्धाच सांभाळतील, रडत सांभाळतील, पण अर्धाच.

म्हणून टॅब्लेट, खेळ आणि डावऱ्या मशीनवालीला द्यावा. ती म्हणाली, "मावशी, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

मी म्हटले, "चार महिने आमचा शब्द न शब्द कोणाच्या तोंडून गेला? पन्नास-पन्नास कोण म्हणत होतं? साठाच्या खाली गेला, बसवा, हे आठला कोण सांगत होतं? मी तर त्यांच्याशी बोलत नव्हते."

ती टॅब्लेटवर वाकून म्हणाली, "चौकोन कुठं असतो तेवढं दाखवून ठेवा." दाखवला.

डावऱ्या आता एकोणतीसचा आहे. चौतीसवरून बावन्नपर्यंत मी त्याला ओढत आणला. एकसष्ट बहुधा पुन्हा होणार नाही, वय झाले की आकडे चढत नाहीत. संघ शेवटून पहिला आला तरी चालेल. सहायक काय, मास्तर काय, कोणीही चिठ्ठी पाठवली तरी खूण दोन्हीचीच करावी.

ज्याला मिळते त्याला साक्षीला सही करता येत नाही, असे वकील म्हणाला. म्हणजे मशीनवालीची सही बाद. मी आठकडे वळून स्वतःच म्हटले, "मास्तर, आता तुम्हाला काही मिळत नाही. सही करता येईल. आधी सगळं वाचा."

त्यांनी चष्मा मागितला.

वरील सर्व माझ्या मर्जीने लिहिले. दोन्ही साक्षीदारांच्या समोर, रिकाम्या हाताने सही केली.

सही: सोफावाली
स्थळ: डायलिसिस विभाग, खुर्ची क्रमांक सात
दिनांक: चौदा मार्च, गुरुवार

साक्षीदार एक: विभागाचे डॉक्टर. (मी परत येत नाही असे म्हणणारे हेच. आज मी शुद्धीत आहे एवढे त्यांनी तपासून लिहून दिले आहे.)

साक्षीदार दोन: मास्तर, खुर्ची क्रमांक आठ. बाईंनी माझ्यासमोर सही केली. सर्व मजकूर वाचला. कलम सातमध्ये माझे म्हणून जे लिहिले आहे ते मी बोललो आहे, आणि तसेच केले आहे.