चेंबरचं झाकण

हॅलिफॅक्स,
मंगळवार, १४ जून

प्रिय मार्ज,

तुझी तब्येत बरी असेल, तुझ्या डेसचे कान होते तसेच असतील आणि ब्रिडलिंग्टनच्या वाऱ्याने माणसं अजून उडत असतील. इकडचं सगळं ठीक. पत्र लिहायला तसं खास कारण काही नाही. पाच महिने झाले, म्हटलं विचारपूस करावी.

ठीक म्हणजे असं, की येत्या शुक्रवारी माझं स्वयंपाकघर पाडायला माणसं येणार आहेत. स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली न्हाणी, दोन्ही. तुझंच स्वयंपाकघर म्हणायला हवं खरं तर, गल्लीतलं आमचं जुनं घर सोडून मी हे तुझ्याकडून घेतलं त्याला चारच वर्षं झालीत. भांडीकुंडी खोक्यांत भरून पुढच्या खोलीत नेली. किटली आणि चार कप तेवढे बाहेर ठेवलेत, कारण पाडणाऱ्यांनाही चहा लागतोच. आपल्या घरावर घण घालणाऱ्याला 'साखर किती घालू?' म्हणून विचारायचं, ही आपली रीत. मागच्या वाफ्यातलं तुझं रुबार्बही जाणार. त्याचं मला काही वाटत नाही, ते मेलं कधी धड आलंच नाही.

गल्लीला मात्र आयती करमणूक झालीय. जो तो दारात थांबून म्हणतो, 'फारच वाईट झालं हो थेल्मा,' आणि माझ्या खांद्यावरून आत बघून घेतो.

विमा मिळणार नाही हे तुला कळलं असेलच. ती पॉलिसी आठवते ना? तू घराच्या विक्रीचा फॉर्म भरत होतीस, याच ओट्याशी बसून. 'वाढीव बांधकामाला मंजुरी होती का' या प्रश्नापाशी तुझं पेन थांबलं. तू म्हणालीस, "खरं लिहू या ना सरळ. ड्रेनेजवर बांधलंय, न विचारता बांधलंय." मी तुझा हात धरला.

"माझ्या विल्फचं नाव निघेल गं. अर्धांगाच्या झटक्यानंतर निम्माच उरलाय तो, त्याच्यामागे आता चौकशा नकोत."

"अगं, पण यात राहायचंय तुलाच!"

"म्हणूनच सांगते."

मग तू 'कागदपत्रे उपलब्ध नाहीत' एवढंच लिहिलंस. माझी वकील, ती अॅक्रॉइडची मुलगी, म्हणाली, काही हरकत नाही, त्यासाठी विमा मिळतो. अट एकच. यापुढे कौन्सिलला किंवा पाणी कंपनीला याबद्दल चकार शब्द विचारायचा नाही. विचारलंत की विमा रद्द. मला आधी वाटलं थट्टा करतेय. पण नाही, छापील कागद होता, खाली शिक्का. लहानपणी शाळेत अळीमिळी गुपचिळी खेळायचो, जो बोलेल तो हरला, तोच हा खेळ. म्हाताऱ्या माणसांनी सह्या करून खेळायचा. मी आनंदाने सही केली. विल्फला जिना चढता येत नव्हता आणि तुझ्या घरात खाली न्हाणी होती, मला तेवढंच दिसत होतं.

आणि बांधलं कुणी होतं ते काय सांगायचं तुला! एकोणनव्वदच्या मे महिन्यातली ती सुट्टी. विल्फ आणि डेस उघड्या अंगाने काँक्रीट कालवत होते, आपण दोघी अंड्याची सँडविचं करत होतो. चेंबरच्या झाकणावर उभा राहून विल्फ म्हणाला, "हे दिसलं की आले नकाशे, आले साहेब. झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि ओतलं की वरून. डेस हसला, मीही हसले. तू एकटीच म्हणालीस, "आणि तुंबलं तर?" तुझा हा स्वभाव मला तेव्हाही आवडला नव्हता.

तुंबलं. ते मी तुला नोव्हेंबरात फोनवर सांगितलंच होतं. आपल्या वरच्या अंगाला ते बसवाल्याचं कुटुंब राहतं ना, त्याच्या बायकोचं नाव तस्नीम. त्यांनी तळघरात दोघी मुलींची खोली केली होती. एका सकाळी तिथे सगळ्या गल्लीचं नको ते वर आलं. गाद्या, दप्तरं, धाकटीचा शाळेच्या नाटकाचा झगा, सगळं त्यात. पाणी कंपनीची माणसं काठ्या घेऊन आठवडाभर या अंगणातून त्या अंगणात हिंडली. लाइन कुठून जाते ते कळत होतं, पण काठी आत घालायला चेंबर काही सापडेना. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "थेल्मा, सांग त्यांना. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन." मी फोन ठेवून दिला.

पुढे त्यांनी कुठून तरी कॅमेरा घातला आणि तो थेट माझ्या शॉवरखाली निघाला. मग विल्फ गेला. त्याला पुरायच्या आठवडाभर आधी कौन्सिलचं पत्र आलं, बांधकाम पाडा म्हणून. त्यात लिहिलं होतं, 'आमच्याकडे आलेल्या माहितीनुसार'. मी विमा कंपनीला कळवलं, तर ते म्हणाले, कुणीतरी कौन्सिलला फोन केलेला आहे, तेव्हा तुमचा विमा संपला.

कुणीतरी म्हणजे कोण, याचा मला विचारसुद्धा करावा लागला नाही.

तर ते क्लबातलं. दफन झाल्यावर चहाला सगळे जमले होते आणि तू माझ्यासाठी हॅमची ताटली भरून आणलीस. मी काय बोलले ते तुझ्या लक्षात आहे, पण लिहितेच, म्हणजे मी ते विसरल्याचं सोंग केलं असं व्हायला नको. चाळीस माणसांसमोर मी म्हणाले, "चुगली करून वर हॅम खायला आलीस?" तू ताटली टेबलावर ठेवलीस. कोट घेतलास. डेसला बिचाऱ्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, तो गाडीपर्यंत 'काय झालं? काय म्हणाली ती?' विचारत होता. तू मागे वळून एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. घरी येऊन त्या विजयात मी रात्रीचं जेवणही नीट जेवले.

आता खरं कारण लिहिते, नाहीतर हा कागदही संपेल आणि मी रुबार्बबद्दलच बोलत राहीन.

गेल्या मंगळवारी कौन्सिलचा सग्डन म्हणून साहेब आला होता, काय काय पाडायचं त्याच्या खुणा करायला. भला माणूस. चहा घेतला, दोन बिस्किटं घेतली. मी माझं पालुपद लावलं, की जवळच्या माणसानेच केसाने गळा कापला. तो जरा गोंधळला. म्हणाला, "पण मिसेस ओल्डरॉइड, तुमच्या मिस्टरांनीच तर कळवलं होतं."

मी म्हटलं, "माझ्या मिस्टरांना बोलता येत नव्हतं."

त्याने फाइल उघडून वाचून दाखवलं. १९ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी पावणेअकरा. 'बोलणाऱ्याचे शब्द समजण्यास कठीण. नाव तीन वेळा विचारून घेतले. शॉवरखाली, शॉवरखाली, मी केलं, असे वारंवार सांगतात. रडत असावेत. कॉल अठरा मिनिटे.'

गुरुवारी सकाळी मी केस सेट करायला जाते.

मार्ज, झटक्यानंतर त्याला 'चहा', 'नको' आणि माझ्या नावाचा पहिला अर्धा भाग एवढंच यायचं. मी तरी असंच धरून चालले होते. त्यालाच सोयीचं म्हणून सगळं मी बोलायची, त्याच्या वतीने हो-नाहीही मीच म्हणायची. आणि तो मी घराबाहेर पडायची वाट बघून, एका हाताने नंबर फिरवून, कुणा अनोळखी मुलीला अठरा मिनिटं हे सांगत बसला होता. मला नाही सांगितलं. सांगितलं असतं तर मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला असता, हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक आहे.

त्याने हे का केलं, तेही मला कळतं, आणि तेच मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. तुला वाटत असेल मी नुसती गप्प बसले होते. तसं नव्हतं. फोनच्या आदल्या दिवशी पाणी कंपनीचा माणूस माझ्या दारात आला, मागे तस्नीम उभी. हातात रबरी मोजे, डोळे सुजलेले. त्याने विचारलं, तुमच्याकडे जुनं चेंबर आहे का. मी म्हटलं, नाही, कधीच नव्हतं. तेव्हा ती म्हणाली, "आंटी, तुम्ही चाळीस वर्षं या गल्लीत आहात. नीट आठवून बघा ना. मुली आजीकडे झोपतायत, धाकटीला तापही आलाय."

आणि मी तिच्या गालाला हात लावला, मार्ज. म्हटलं, "मला माहीत असतं तर तुला सांगितलं नसतं का पोरी?"

विल्फ मागे खुर्चीत होता. दार उघडंच होतं.

धाकटी अजून तळघराचा जिना उतरत नाही. आणि तस्नीम रविवारी माझ्याकडे आली होती. म्हणाली, "आंटी, तुमचं स्वयंपाकघर होईपर्यंत जेवण माझ्याकडून. नाही म्हणायचं नाही." मग म्हणाली, "ज्या बाईने तुमच्या गळ्यात हे घर मारलं, तिला जनाची नाही तर मनाची तरी? एका आजारी माणसाला फसवायचं म्हणजे!" ती तुझ्याबद्दल बोलत होती. मी मान हलवली. माझ्या तोंडून एवढंही निघालं नाही, की तसं नाही गं. एकदा चाळीस माणसांसमोर तुझ्यावर आळ घेतला आणि रविवारी पुन्हा एकदा, फुकटच्या जेवणासाठी.

मला स्वतःची किळस येते. इतकं स्पष्ट मी कधी कुणाला लिहिलं नाही.

शुक्रवारी फरशी फुटेल आणि झाकण वर येईल, तेव्हा तस्नीम बघायला येणारच. विल्फने केलं आणि आम्हाला माहीत होतं, हे तिला सग्डनकडून कळायला नको. आत्ता साडेचार वाजलेत, मुली शाळेतून आल्या असतील. मी जाऊन येते. पुढचं आल्यावर लिहीन.

आले जाऊन.

तिने मला आत बसवलं, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं, की त्या बाईला खरं लिहायचं होतं, मीच लिहू दिलं नाही. तस्नीमने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी त्यासाठी तयारी करून गेले होते. संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "गालाला हात कशाला लावलात?" मग तिने उठून दार उघडलं आणि म्हणाली, "तुम्ही या आता, मिसेस ओल्डरॉइड."

चार वर्षांत पहिल्यांदा ती मला आंटी म्हणाली नाही.

माफ कर हा शब्द मी या पत्रात चार ठिकाणी लिहिला आणि चारही ठिकाणी खोडला, तुला खुणा दिसतील. माफी मागायला मी आज नाही लिहिलं. तू फोन केला नव्हतास हे तुला माहीतच होतं, आता मलाही माहीत आहे, एवढंच कळवायचं होतं. क्लबात त्या दिवशी जे चाळीस जण होते, त्यांना एकेकाला गाठून सांगतेय. आज सकाळपर्यंत नऊ झाले.

डेसला जमलं तर मोठ्याने वाचून दाखव. त्याला अजून कळलं नसेल, त्या दिवशी काय झालं ते.

विल्फची बायको,
थेल्मा