डाव्या रांगेतले उंदीर

३ फेब्रुवारी, सोमवार
माझी पिशवी तपासली! एवढी वर्षं कॉलेजातल्या उंदरांचे पिंजरे धुते, आणि स्टोअरचा विश्वजित गेटवर सगळ्यांदेखत म्हणतो, "मावशी, जरा डबा उघडा." कशापायी? तर डाव्या रांगेतले उंदीर वाळायला लागलेत. म्हणजे त्यांचा खुराक मी घरी नेते म्हणं. म्हटलं, "व्हय, आमटीत घालते. ये जेवायला."

५ फेब्रुवारी
खरंच वाळलेत. कणा हाताला लागतो. केस राठ. आणि वाटी तर भरलेली! उजव्या रांगेतले तुकतुकीत. पाणी तेच, भुसा तोच. पण उजव्यांच्या खुराकात डब्यातली दुधाची पांढरी पावडर पडते, डाव्यांच्या न्हाय. विश्वजितच विकत असणार. चोर तो, आणि पिशवी माझी.

६ फेब्रुवारी
लेकीचा, संयोगिताचा फोन, चंदगडहून, सासरहून. बाळंतपणाला तीन महिने झाले, पोटावरचे टाके अजून ओले. केस मुठीनं गळतात म्हणाली. जेवतेस का विचारलं. "जेवते की आई. मऊ भात, तूप. पोटभर." बोलताना मधेमधे थांबत होती. मागनं तिची सासू झुंबरबाई, "आमच्यात खाण्याला काय कमी न्हाय हो!"
मी विचारलं होतं का तिला?

१० फेब्रुवारी
क्रांती मॅडमना गाठलं. उंदरांचा अभ्यास त्यांचाच. म्हटलं, तुमचा विश्वजित पावडर विकतोय. त्या हसल्या. "अहो मावशी, ती मीच बंद केलीय. प्रथिनं दिली नाहीत तर शरीराचं काय होतं, ते बघायचंय."
म्हणजे मुद्दाम! विश्वजितला तरी सांगायचं.
म्हटलं, वाटी तर भरलेली असते. "पोट भरतं हो. पण अंग ज्यानं बनतं तेच त्यात नाही. मग अंग स्वतःलाच खातं. मांस झिजतं, आतडी पातळ होतात, जखम भरत नाही."
नंतर ट्रे धुवायला आला. त्यात डाव्या रांगेतल्या एका उंदराचं काळीज, मॅडम लिव्हर म्हणतात ते. मटणवाल्याकडं असतं तसं लाल न्हाय. पिवळट, तुपकट.
विश्वजितनं माफी मागितली न्हाय. चहा पाजला. मी प्याले.

११ फेब्रुवारी
भात वाढून घेतला आणि तसाच ठेवला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
संयोगिताला एकच विचारलं. डाळ, अंडं, दूध शेवटचं कधी खाल्लंस? हळूच म्हणाली, "बाळाचं पोट फुगतं म्हणून आत्याबाई देत न्हाईत." सव्वा महिन्याचं पथ्य, झुंबरबाईनं तीन महिने ओढलंय.
तिथंच जावयाला फोनवर घेतलं. "जावईबापू, ताट भरलेलं असतं, हे मला सांगू नका. पोरीला दवाखान्यात दाखवून अंडं-डाळ चालू करताय, का सोमवारच्या पहिल्या एस्टीनं मी न्यायला येऊ? रविवारपर्यंत सांगा."