पुढचा शाफ्ट

उस्ताद, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या मातीला मी आलो होतो. रडायला नाही, खात्री करून घ्यायला. लोकांना वाटलं, उस्तादावर केवढी माया. मी वाटू दिलं. आज लिहायला बसलो, कारण काल आमच्या घरात गाडी ठरली, आणि मेलेले असून तुम्ही मध्ये येऊन बसलात.

माझी सून देवणीकडच्या एका खेड्यात नर्स आहे. लातूरहून रोज स्वतः गाडी चालवत जाते. शेवटचा तुकडा काळ्या मातीचा, पावसाळ्यात चाक धरून ठेवणारा. सगळं घर मावेल अशी मोठी गाडी घ्यायची, इथवर एकमत होतं. भांडण चाकांवरून. मुलगा म्हणाला, "मागच्या चाकांवर चालणारी घेऊ, दादा. हलकी असते, तेल कमी खाते. चिखल चार दिवसांचा, त्याच्यापायी चारी चाकं बारा महिने कशाला वागवायची?" तुमचंच बोलणं, उस्ताद, माझ्या पोराच्या तोंडून. माझा चहा बशीत सांडला. मी म्हणालो, "चारी चाकांचीच. न्हाई तर मी त्या गाडीत पाय ठेवणार न्हाई." सून म्हणाली, "मामा, तुमी रुसा, पर कारण सांगा. चालवणार मी हाय." मग मी तिला सगळं सांगितलं.

लातूर जिल्हा नवा झाला, ते दिवस. पाऊस हरवलेला. नव्या कचेरीतल्या साहेबांना गावोगाव पाणी बघत फिरवायला आपल्या मालकाच्या जीपा लागत. तुम्ही मोठे ड्रायव्हर, मी धाकटा. धाकटा म्हणजे दोन लेकरांचा बाप. तरी बसलेल्या माणसांसमोर तुम्ही माझ्या हातावर फडकं मारायचात. "स्टिअरिंग हाय ते, म्हशीचं शेपूट न्हवं!" माणसं हसायची. पुढच्या चाकांना जोर नेणारा लोखंडी दांडा, तो शाफ्ट, दुष्काळात तुम्ही खोलून शेडमध्ये टाकायचात. "चिखलच न्हाई, तर पुढची चाकं फुकट तेल कशाला पितील?" चार चाकांची जीप दोनच चाकांवर पळायची, आणि मालकाला पत्ता नसायचा. तेव्हा बरेच उस्ताद असं करायचे, हे कबूल. पण त्यांनी माझं आयुष्य खाल्लं नाही.

मांजरेचं पात्र कोरडं पडलेलं. साहेब शेजारी बसलेत. मी जीप वाळूत घालतो, पुढच्या चाकांना जोर देणारं लिव्हर ओढतो, तरी पुढची चाकं मेल्यासारखी उभी. मागची नुसती वाळू उडवतात आणि रुततात. साहेबांचे बूट वाळूनं भरतात. पलीकडून एक म्हातारा देवणी बैलांची जोडी घेऊन येतो, जीपला दोर बांधतो आणि मला म्हणतो, "ड्रायव्हरसाहेब, आता हाणायला चाबूक देऊ का हॉर्नच वाजवतावं?" घागरी घेतलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. साहेब हसत नाहीत.

मालक दुसऱ्या दिवशी गावाहून आले, तोवर तुम्ही शाफ्ट बसवून मोकळे झाला होतात. मालकांना वाकायला लावून तुम्ही दाखवलंत, "बगा की, जाग्यावर हाय. याला लिव्हरच वढाया येत न्हाई." मी तोंड उघडलं, तर तुम्ही तेच फडकं तोंडावर मारलंत. मालकांनी जीप काढून घेतली, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या गोदामात पोत्यांवर शिक्के मारत राहिलो. बैलवाला ड्रायव्हर, हे नाव पडलं. बाजारात माझ्या बायकोलाही ऐकावं लागलं. पुन्हा कुणी स्टिअरिंग दिलं नाही. झोप उडाली, छातीत धडधड सुरू झाली, ती आजही गोळ्या खाऊन चालूच आहे.

हे ऐकून सून उठली. मग आम्ही तिघं शोरूमला गेलो. तिथला माणूस सांगू लागला, "काका, आता लिव्हर नसतं. मागची चाकं घसरली की गाडी आपोआप पुढच्यांना जोर देते." मी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा नव्हे. पेपर पसरला, धोतर सावरलं आणि गाडीखाली शिरलो. "काका, काय पडलं का तुमचं?" "पडलं न्हाई, चोरीला गेलतं. हाय का बगायलोय." पुढचा शाफ्ट होता. मी हात लावून पाहिला. उस्ताद, तुम्ही जिवंत असतात तर तुम्हाला मानगुटीला धरून त्या गाडीखाली घातलं असतं.

सुनेनं चारी चाकांचीच ठरवली. नवऱ्याला म्हणाली, "मामांच्या बाबतीत झालं तसं माझ्या बाबतीत नगं." मी जिंकलो. घरी येऊन जेवायला बसलो, तेव्हा वाढता वाढता तिनं सहज विचारलं, "मामा, शाफ्ट काढलेला हाय हे तुमाला त्या दिवशी ठाऊक असतं, तर तुमी वाळूत घातली असती का हो जीप?"

"न्हाई," मी म्हणालो. "ठाऊक असतं तर कशाला घातली असती?"

त्या दिवशी सकाळी ग्रीस भरायला मी जीपखाली गेलो होतो, उस्ताद. शाफ्टची जागा रिकामी दिसली होती. नदीवरचा पूल थोड्याच अंतरावर होता, तिकडून जाता आलं असतं. मला वाटलं, जीप रुतेल, साहेब खाली वाकून बघतील, आणि फडकं तुमच्या तोंडावर बसेल. साहेब वाकलेच नाहीत.

हे सुनेला सांगायचं होतं. भाकर मोडली आणि जेवलो.