मैना आणि पार्टी

अकोला

प्रिय आचल,

जय भीम. फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून आज दुपारी सगळं आवरून लिहायला बसले.

आपलं गाणं निघाल्यापासून माझं बाजारात जाणं अवघड झालं आहे. काल भाजी घेताना एका शाळकरी पोरीने मला ओळखलं आणि तिथेच, वांग्यांच्या ढिगाजवळ, 'विचारून आले नाई, विचारून जानार नाई' म्हणायला लागली. तिची आई रागावेल असं वाटलं, तर आईनेच पुढची ओळ धरली. खरं सांगू? गिटार-ड्रम वाजवणाऱ्या तुम्हा चार पोरींच्या बँडने जयंतीला कव्वाली गाणाऱ्या माझ्यासारख्या बाईला बोलावलं, तेव्हा वाटलं होतं, दोन आलाप घेतील आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून देतील.

अमरावतीच्या त्या स्टुडिओत माझ्या कानाला हेडफोन लावला आणि मला गाताच येईना. तू माझा हेडफोन काढलास, तुझाही काढलास आणि एकाच माईकवर माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. तुझा आवाज कोवळा, माझा खरखरीत. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "बाईंचा आवाज लय वर येऊन राहिला, कमी करतो." तू शांतपणे म्हणालीस, "कमी करायचा तं आमचा करा. त्यायचा आहे तसाच राहू द्या."

आचल, लग्न झाल्यापासून मी स्टेजवर गाते. माझ्या बाजूने असं कोणी बोललं नव्हतं. बॅनरवर कायम यजमानांचं नाव, 'धर्मपाल आणि पार्टी'. कव्वालीच्या मुकाबल्यात मी कितीही रंगले, तरी यांनी पेटीवरून नुसतं बघितलं की मी आवाज खाली आणायचा. त्यात काही वावगं आहे असं मलाही कधी वाटलं नाही. माणूस म्हणून हे वाईट नाहीत. मला पहिला सूर यांनीच दाखवला.

गाणं ऐकल्यावर बरेच दिवस यांचं एकच चाललं होतं. जेवायचे, पेटी पुसायचे, झोपायचे. मग मागच्या आठवड्यात परतवाड्याच्या मंडळाचा फोन आला, कार्यक्रम पाहिजे म्हणून. मी कणीक मळत होते. यांचं बोलणं कानावर आलं, "बॅनरवर मैनाचं नाव टाका. मी पेटीवर असीन, तिनं ठेवलं तं." माझे हात परातीतच थांबले. थोड्या वेळाने हे स्वयंपाकघराच्या दारात आले. "मले ठेवशीन ना?" मी लगेच हो म्हटलं नाही. चहा करून दिला, तो पिऊ दिला, मग म्हटलं. हसले गं, किती दिवसांनी.

हे सगळं तुम्हा पोरींमुळे झालं, आणि आभार मानायचे तर शब्द अपुरे पडतात. पण नुसते आभार मानायला मी कागद घेतला नाही. बॅनरवर आता 'मैना आणि पार्टी' छापायचं आहे, आणि पार्टी म्हणून माझ्याजवळ सध्या एकटे हेच आहेत. तुम्ही चौघी याल का? मागे कोरसला नाही, माझ्या शेजारी. मंडळाने नावं मागितली तेव्हा माझ्या तोंडून पहिलं तुझंच निघून गेलं. आता तू ये, म्हणजे मी खोटी पडणार नाही.

तुझीच,
मैनाताई