जोडीतला श्रावण

कामठी,
रविवार, २३ नोव्हेंबर १९८०

प्रिय श्रावण यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. तारा आणि मुलं बरी असतील. पुण्यात थंडी पडली का? इथे सकाळी नदीकडून धुकं येतं आणि समोरचं घरही दिसत नाही. लतिकाचं लग्न माघात धरलं आहे. परवा प्रताप नगरची मंडळी येऊन गेली. मुलाच्या आईला माझी सांबारवडी आवडली, तिनं दोनदा मागून घेतली.

भाऊबीजेला तू सकाळी जेवलास, संध्याकाळी येतो म्हणालास आणि मैदानावरून परस्पर स्टेशनवर गेलास. गाडीची वेळ झाली असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं. गाडी रात्रीची होती हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

तुला रागावण्यासाठी हे पत्र नाही. कशासाठी आहे ते मला लिहितालिहिताच कळेल असं वाटतं.

बाहेरचे खेळाडू गोल्फच्या मैदानावर स्पर्धेला आले की गोपाळरावांच्या मंडपाच्या गोदामासमोर माणसं जमतात, हे तू लोकांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहायचास तेव्हापासून पाहिलं आहेस. स्पर्धा कोण जिंकेल यावर तिथे कोणी पैज लावत नाही. दोन नावं घ्यायची, त्यांची जोडी बांधायची आणि शेवटच्या दिवशी त्या दोघांत कोणाचे फटके कमी लागतात तेवढंच पाहायचं. पहिला कोणी का येईना. मला हा प्रकार नेहमी निरुपद्रवी वाटत आला. कोणाचं काही जात नाही, दोघांतला एक थोडा पुढे, एक थोडा मागे, एवढंच.

या वेळी जोडी तुझी आणि ईश्वरदासची होती. एका गल्लीत वाढलेली दोन पोरं, लोकांना तेच हवं होतं. गोपाळराव आमच्या ह्यांना म्हणाले, "मारोतराव, साळ्यावर लावा न गा. घरचा माणूस आहे."

हे म्हणाले, "घरचा आहे म्हणूनच माहीत आहे मले. शेवटी शेवटी हात थरथरते त्याचा. माझा ईश्वरदास."

"आन बायकोले काय सांगता मंग?"

"तिले काय समजते त्यातलं."

सगळे हसले म्हणे. हे मला ह्यांनीच घरी येऊन सांगितलं, तेही हसतच. मग पाणी प्यायले आणि म्हणाले की स्कूटर लावली आहे. इतकी वर्षं नंबर लावून या श्रावणात मिळालेली स्कूटर, जी जावयासाठी झाकून ठेवली आहे. गोपाळराव हरले तर लतिकाच्या लग्नाचा मंडप आणि जेवण त्यांच्याकडून. स्कूटर नाही तर लग्न नाही, असं प्रताप नगरला कोणी बोललं नव्हतं. पण मुलाच्या काकांनी बोलणी चालू असताना उठून तिच्या सीटवर हात फिरवून पाहिला होता.

श्रावण, स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी सकाळी, भाऊबीजेला, मी तुला ओवाळत होते तेव्हा मनात काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुझं भलं होवो असं तोंडानं म्हणत होते. तू हरावास असं वाटत होतं का? वाटत होतं. आणि तू हरू नयेस असंही त्याच वेळी वाटत होतं. दोन्ही एकाच माणसाला कसं वाटतं?

मग तू पाटावर बसूनच चिवडा खात विचारलंस, "ताई, रडून काहून राहिली वं?" आणि मी सांगितलं. स्कूटरचं, लतिकाचं, सगळं. तू फक्त एवढंच विचारलंस, "भाऊजी कोणाकडून आहेत?"

मी म्हटलं, "ईश्वरदासकडून."

तू हसलास. ताटात काही टाकलं नाहीस. "तुझी ओवाळणी संध्याकाळी," म्हणालास आणि बूट घालून गेलास.

मी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे मी स्वतःला रोज सांगते. पण मग सांगितलं कशाला? भाऊबीजेच्या दिवशी, निरांजन हातात असताना बहिणीनं भावाला एखादी गोष्ट नुसती सांगितली, असं असतं का?

तू एका फटक्यानं मागे राहिलास. घरी पेढे आले. तुम्ही दोघंही पहिल्या तिघांत नव्हतात, तेव्हा तुझं काय गेलं, अशी मी माझी समजूत घातली. नंतर काल ईश्वरदास पाया पडायला आला. या स्पर्धेवरून परदेशच्या स्पर्धांसाठी ज्यांची निवड झाली त्यांत तो शेवटचा आहे. म्हणाला, "ती जागा श्रावणची होती, काकी. बरोबरी झाली असती तरी आधीच्या खेळावरून त्यालेच भेटत होती. शेवटचा चेंडू भोकापासून हातभर होता. तेवढ्यावरून तो डोळे मिटून टाकते. कसा चुकला, मले अजून समजलं नाही."

मला काय समजायचं, श्रावण? ह्यांनी म्हटलं तसा तुझा हात थरथरला, की थरथरला नाही?

ईश्वरदास गेल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी उठून स्कूटरवरचं कापड सारखं केलं. मग विचारलं, "तूनं त्याले सांगितलं होतं?"

"हो."

"मंग ही जोडी झालीच नाही," असं म्हणून चपला घातल्या आणि गोदामाकडे गेले. जिंकलेला माणूस पैज परत करायला आला हे गोपाळरावांना पटेना. डोकं फिरलं का, म्हणाले. पण पैज मोडली. स्कूटर आमची आमच्याकडे आहे. मंडप आता आम्हीच घालू, लहान घालू. हे जेवायला बसले तेव्हा तुझं नाव घेतलं नाही, पण ताटावरून उठताना म्हणाले की श्रावणले लिही.

म्हणून लिहिते आहे. ह्यांना त्यांची पैज परत करता आली. तुझा तो एक फटका मी कोणाकडे जाऊन परत करू?

चेंडू चुकून गेला असेल तर तसं कळव. मुद्दाम गेला असेल तर काय कळवावंस ते मला सुचत नाही. माझा विश्वास कशावर बसेल तेही माहीत नाही. काही लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस, पण माघात ये. मामा म्हणून लतिकाला बोहल्यावर तूच न्यायचं आहेस. ह्या वेळी मी तुला काहीच सांगणार नाही, नुसती तुझ्याकडे पाहीन.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी आणि त्याला भिणारी,
तुझी ताई,
देवकी